सेवक-नेतृत्व, आरोग्य आणि हवामान बदल: एका संशोधनधारेची पार्श्वभूमी

सेवक-नेतृत्व (नेत्याने आधी सेवक असावे ही कल्पना), लोकांचे आरोग्य आणि हवामान बदल हे तीन विषय एकाच विद्यापीठीय प्रकल्पात मांडलेले दिसले, की ही मोट ओढूनताणून बांधली असावी अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे. तिन्हींचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या शाखा दीर्घकाळ एकमेकींपासून दूर वाढल्या, आणि तरीही समाजातील सर्वांत दुर्बल माणसाचे काय होते या एकाच प्रश्नाशी तिन्हींना यावे लागले.

सेवक-नेतृत्वाची आधुनिक मांडणी करणारे रॉबर्ट ग्रीनलीफ (1904–1990) व्यवसायाने प्राध्यापक नव्हते. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत त्यांनी जवळपास चार दशके नोकरी केली, तेथे व्यवस्थापनविषयक संशोधनाची जबाबदारी सांभाळली आणि 1964 मध्ये निवृत्त होऊन व्यावहारिक नीतिशास्त्राला वाहिलेले एक केंद्र स्थापन केले. पुढची काही वर्षे विद्यार्थी असंतोषाने ढवळून निघालेली होती आणि ग्रीनलीफ त्या काळात अनेक विद्यापीठांना सल्ला देत होते. संस्थांवरचा तरुणांचा विश्वास का उडाला, या चिंतेतून त्यांनी 1970 मध्ये एक निबंध लिहिला. खरा नेता आधी सेवक असतो आणि नेतृत्वाची इच्छा त्याला नंतर होते, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होते. त्याचा तत्त्वज्ञानापेक्षा अधिक टिकाऊ भाग म्हणजे त्यांनी सुचवलेली कसोटी: ज्यांची सेवा केली जाते ती माणसे त्या सेवेमुळे अधिक निरोगी, अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र आणि स्वतः सेवेला प्रवृत्त होतात का, आणि समाजातील सर्वांत वंचितांवर त्या नेतृत्वाचा काय परिणाम होतो? या कसोटीत आरोग्याचा उल्लेख सर्वांत आधी येतो, याकडे पुढील काळात हवे तेवढे लक्ष गेले नाही असे माझे मत आहे.

विद्यापीठांनी ही कल्पना उचलली ती मोजमापाच्या वाटेने. ग्रीनलीफ यांच्या केंद्राचे प्रमुख लॅरी स्पिअर्स यांनी 1990 च्या दशकात ग्रीनलीफ यांच्या लेखनातून सेवक-नेत्याची दहा वैशिष्ट्ये वेगळी काढली. 2008 मध्ये रॉबर्ट लायडन आणि सहकाऱ्यांनी 28 विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली, तर 2011 मध्ये डर्क व्हान डिरेंडोंक आणि इंगे नाउटेन यांनी 30 विधानांची दुसरी. पहिल्या मोजपट्टीत समाजासाठी मूल्यनिर्मितीचा घटक होता आणि दुसरीत विश्वस्तवृत्तीचा, म्हणजे बाहेरच्या जगाकडे पाहण्याची सोय दोन्हींत होती. प्रत्यक्षात मात्र बहुतेक अभ्यास कर्मचाऱ्यांचे समाधान, निष्ठा आणि कामगिरी यांभोवती फिरत राहिले, कारण प्रश्नावली ज्यांच्या हाती देता येते ते कर्मचारी असतात. वंचित माणूस सहसा त्या संस्थेच्या वेतनपटावर नसतो.

आरोग्य संशोधनाला सत्ता आणि अधिकार यांच्यापर्यंत पोहोचवले ते ब्रिटिश सरकारी नोकरांच्या अभ्यासाने. 1967 मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात असे दिसले, की खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारखी नेहमीची कारणे जमेस धरूनही या फरकाचा मोठा भाग उरतच होता. यांतले कोणीही बेरोजगार किंवा उपाशी नव्हते. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात 10,308 स्त्री-पुरुषांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा आपल्या कामावर माणसाचा स्वतःचा किती ताबा आहे आणि वरिष्ठ त्याला न्यायाने वागवतात का, या गोष्टींचा हृदयाच्या आरोग्याशी संबंध आढळला. स्वीडनमधील 2009 च्या एका अभ्यासात वरिष्ठांच्या चांगल्या नेतृत्वाची नोंद करणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचा धोका कमी दिसला. ग्रीनलीफ यांचा ‘अधिक निरोगी’ हा निकष आता रोगपरिस्थितीविज्ञानाच्या (लोकसमूहांतील रोगांचे प्रमाण व कारणे अभ्यासणाऱ्या शास्त्राच्या) भाषेत तपासता येत होता, जरी या संशोधकांनी तो निबंध डोळ्यांसमोर ठेवला होता असे मानण्याचे कारण नाही.

हवामानाच्या बाजूने गाडी उशिरा निघाली. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी तापेल, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी 1896 मध्येच गणिताने दाखवले होते, पण त्याचा माणसाच्या शरीराशी असलेला संबंध वैद्यकीय नियतकालिकांत गांभीर्याने येऊ लागला तो 1980 च्या दशकाच्या अखेरीस. आरोग्य-संवर्धनाविषयीच्या 1986 च्या आंतरराष्ट्रीय ओटावा सनदेने स्थिर परिसंस्थेला आरोग्याच्या पूर्वअटींमध्ये स्थान दिले. ऑस्ट्रेलियातील टोनी मॅकमायकेल, ज्यांनी आधी शिशाच्या प्रदूषणाचा मुलांवरील परिणाम अभ्यासला होता, त्यांनी 1990 च्या दशकात हवामान बदल आणि आरोग्य या विषयाला विद्यापीठीय शिस्त मिळवून दिली. जुलै 1995 मधील शिकागोच्या उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक बळी घेतले, आणि ते कोण होते हे शोधल्यावर एकटे राहणारे, वृद्ध आणि गरीब लोक त्यांत फार मोठ्या संख्येने आढळले. 2003 च्या युरोपीय लाटेतील बळींचा अंदाज 70,000 पर्यंत जातो. तापमान सर्वांसाठी तेच असले तरी शेजार, घर, उत्पन्न आणि शासनाची तत्परता यांवर जगणे-मरणे अवलंबून राहते, हे या घटनांनी सिद्ध केले. लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांच्या 2009 च्या आयोगाने हवामान बदलाला एकविसाव्या शतकातील आरोग्यावरील सर्वांत मोठा जागतिक धोका ठरवले.

या दोन प्रवाहांना नेतृत्वाच्या अभ्यासाची जोड मिळाली ती गेल्या दहा-बारा वर्षांत. 2018 च्या सुमारास पर्यावरणाभिमुख सेवक-नेतृत्वावरचे शोधनिबंध येऊ लागले; वरिष्ठ स्वतः पर्यावरणाची काळजी घेत सहकाऱ्यांना त्यासाठी बळ देत असेल, तर कर्मचारीही तसे वागतात का, हे त्यांत तपासले गेले. निष्कर्ष बहुधा होकारार्थी आहेत, परंतु त्यांतील बरेचसे हॉटेल आणि सेवा व्यवसायातील प्रश्नावल्यांवर उभे आहेत. वीज वाचवण्याबद्दलचे उत्तर आणि प्रत्यक्ष घटलेले उत्सर्जन यांतले अंतर त्यातून मोजले जात नाही, आणि आरोग्य तर त्यांत क्वचितच येते.

तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष एकत्र पाहायच्या असतील, तर उन्हात राबणाऱ्यांकडे जावे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार 2030 पर्यंत उष्णतेच्या ताणामुळे जगातील 2.2 टक्के कामाचे तास, म्हणजे 8 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके श्रम, वाया जाऊ शकतात. मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा दीर्घ आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे, आणि त्यामागे उष्णता, अतिश्रम व निर्जलीकरण यांचा वाटा असल्याचे भक्कम पुरावे पुढे येत आहेत. एल साल्वादोरमध्ये 2014-15 च्या हंगामात संशोधकांनी पाणी, ठरावीक विश्रांती आणि हलवता येणारी सावली यांची व्यवस्था करून पाहिली, तेव्हा दरडोई तोड घटण्याऐवजी वाढलेली दिसली. विश्रांतीची वेळ कोण ठरवतो, थांबलेल्या कामगाराची मजुरी कापली जाते का आणि चक्कर आल्याचे त्याला मुकादमापुढे निर्भयपणे सांगता येते का, या प्रश्नांवर अशा उपायांचे यश ठरते. नेतृत्वाच्या मोजपट्ट्यांना हे प्रश्न नवे नाहीत. त्या मोजपट्ट्या उसाच्या फडात, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि तापमानाच्या नोंदी यांच्यासोबत वापरल्या जाणे, हे काम मात्र अजून बहुतांशी व्हायचे आहे.