क्रॅन म्हणजे १२०० मासे? नाही हो

स्कॉटलंडच्या हेरिंग मासळीच्या धंद्यातलं जुनं माप म्हणजे क्रॅन, आणि "एक क्रॅन म्हणजे मोजून १२०० मासे" हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. तसं नाहीये. क्रॅन हे आकारमानाचं माप होतं, साडेसदतीस इम्पीरियल गॅलन म्हणजे साधारण १७० लिटर, बोटीवरची मासळी पाव क्रॅनच्या टोपल्यांनी उतरवायची, चार टोपल्या झाल्या की एक क्रॅन, एकेक मासा कोण मोजत बसणार! १२०० हा नुसता सरासरी अंदाज, हेरिंग मोठी असली तर ७०० च्या आसपासच मावायची आणि बारीक असली तर अगदी २५०० पण. त्यामुळे जुन्या नोंदीतले क्रॅन डोळे झाकून १२०० ने गुणले की हिशोब पार गंडतो, त्यापेक्षा लिटर काढा.