नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमधली प्रोसेसरची आयडल अवस्था

एका व्हर्च्युअल मशीनच्या पोटात दुसरं व्हर्च्युअल मशीन चालू असतं आणि आतल्याचा प्रोसेसर रिकामा होतो, तेव्हा झोपायचं कोणी, ते कळवायचं कोणाला आणि परत उठवायचं कोणी, याची जी व्यवस्था हायपरवायजरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) करावी लागते ती. खऱ्या हार्डवेअरवर बसलेला हायपरवायजर एल०, त्याच्यावर गेस्ट (म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशीन) म्हणून चालणारा हायपरवायजर एल१ आणि सगळ्यात आतला गेस्ट एल२, अशी नावं रूढ आहेत.

उगम नक्की कुठला यावर दोन मतं आहेत. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टम/३६० मेनफ्रेममध्ये प्रोग्रॅम स्टेटस वर्डमध्येच (प्रोसेसरची चालू अवस्था ठेवणाऱ्या वर्डमध्ये) एक वेट बिट होता, तो लावलेला वर्ड लोड केला की प्रोसेसर थांबायचा. पुढे आयबीएमच्याच केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सिस्टम/३७० चं हार्डवेअर हाताशी यायच्या आधी सीपी-६७ (व्हर्च्युअल मशीन चालवणारा कंट्रोल प्रोग्रॅम) च्या आत सीपी-६७ चालवून नव्या सिस्टमची तयारी केली गेली, आणि २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० ही व्हर्च्युअल मशीनची सिस्टम जाहीर झाली. आता आतल्या मशीनने वेट मागितला की तो बाहेरच्या कंट्रोल प्रोग्रॅमला पकडावाच लागतो, म्हणून सुरुवात इथेच धरावी असं एक मत. दुसरं मत एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांची जात) वाल्यांचं, ते आयबीएमच्या हैफा रिसर्च लॅबच्या टर्टल्स प्रोजेक्टपासून (२०१०) मोजतात, कारण इंटेलच्या व्हीएमएक्सवर (प्रोसेसरमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवर) नेस्टिंग कसं करायचं ते त्यात नीट मांडलं गेलं आणि ते काम २०११ मध्ये लिनक्स ३.१ सोबत केव्हीएममध्ये (लिनक्समधल्या हायपरवायजरमध्ये) आलं. एएमडीच्या बाजूचं नेस्टिंग त्याच्याही आधी, साधारण २००८-०९ च्या सुमारास केव्हीएममध्ये आलं होतं, हे बरेचदा राहूनच जातं. मूळ कल्पना मेनफ्रेमची आणि आजची गुंतागुंत एक्स८६ ची, असं धरणं जास्त बरोबर वाटतं, आणि पुढचं सगळं मुख्यतः इंटेल आणि केव्हीएमबद्दल आहे.

एक्स८६ वर कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) काम नसलं की तो एचएलटी ही प्रोसेसर थांबवणारी इन्स्ट्रक्शन चालवतो. इंटेलच्या व्हीएमसीएसमध्ये (गेस्टची अवस्था आणि त्याच्यावरचे नियम ठेवणाऱ्या तक्त्यात) 'एचएलटी एक्झिटिंग' नावाचा कंट्रोल बिट असतो, तो लावलेला असला की गेस्टचा एचएलटी हायपरवायजरकडे येतो, यालाच एक्झिट म्हणतात. नेस्टेडमध्ये एल० आपला बिट आणि एल१ ने मागितलेला बिट एकत्र करून एल२ ला चालवतो, त्यामुळे दोघांपैकी एकाने जरी लावला तरी एक्झिट आधी एल० कडेच येते, मग एल० बघतो की हे एल१ ला हवं होतं का, हवं असेल तर तिकडे पाठवतो. एल१ मग एल२ च्या व्हीसीपीयूचा (व्हर्च्युअल प्रोसेसरचा) थ्रेड बाजूला करतो, त्यालाही दुसरं काही काम नसलं की तो स्वतः एचएलटी करतो, आणि गाडी परत एल० च्या दारात. म्हणजे एका झोपेसाठी दोन मजले उतरायचे, उठताना परत दोन चढायचे. एल१ ने बिट लावलाच नसेल तर मात्र एल१ ला न उठवता एल० च एल२ ला झोपवतो.

खरी गोम अ‍ॅक्टिव्हिटी स्टेट या रकान्यात आहे. व्हीएमसीएसमध्ये गेस्टची अवस्था लिहिलेली असते: ० म्हणजे चालू, १ एचएलटी, २ शटडाउन आणि ३ म्हणजे सिपीची (प्रोसेसरला सुरू करणाऱ्या संदेशाची) वाट बघणं. एल२ ला एल० ने झोपवलंय आणि तेवढ्यात एल१ साठी इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा सिग्नल) आला, तर एल१ कडे जाताना एल० ला या रकान्यात १ लिहून द्यावाच लागतो. तो लिहायचा राहिला तर एल१ ला वाटणार एल२ जागाच होता, आणि परत आत गेल्यावर एल२ एचएलटीच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून विनाकारण पळायला लागेल. उलट बाजूने, एल१ ने १ लिहूनच एल२ मध्ये एंट्री मागितली तर एल० खऱ्या प्रोसेसरवर एंट्री करत न बसता व्हीसीपीयूला तिथेच झोपवतो, पण त्याआधी तीन गोष्टी तपासतो: एंट्रीसोबत कुठला इव्हेंट (इंटरप्ट वगैरे) आत टाकायचाय का, एनएमआय-विंडो एक्झिट (गेस्ट एनएमआय, म्हणजे साध्या मार्गाने न अडवता येणारा इंटरप्ट, घेऊ शकेल तेव्हा होणारी) मागितलीय का, आणि इंटरप्ट-विंडो एक्झिट (साध्या इंटरप्टसाठी तशीच) मागितलेली असून एल२ चे इंटरप्ट चालू आहेत का. यातलं एकही असलं तरी झोपवायचं नाही. ही तपासणी चुकली तर एल२ असा झोपतो की उठवणारं कोणी उरत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, मशीन नुसतं गप्प, आणि असा बग शोधणाऱ्याचे दिवसच्या दिवस जातात.

कर्नल एसटीआय आणि एचएलटी लागोपाठ का लिहितो तेही इथेच सांगायला हवं. एसटीआयने इंटरप्ट उघडतात, पण पुढची एक इन्स्ट्रक्शन होईपर्यंत ते अडवलेलेच राहतात, म्हणून दोघांच्या मधल्या फटीत इंटरप्ट येऊन हरवत नाही. एल० ला ही एका इन्स्ट्रक्शनची सावली एल२ साठीसुद्धा जशीच्या तशी सांभाळावी लागते.

दुसरा खर्च पोलिंगचा. व्हीसीपीयू झोपला की केव्हीएम लगेच सीपीयू सोडत नाही, थोडा वेळ घिरट्या घालत वाट बघतो. एक्स८६ वर याची डिफॉल्ट मर्यादा २,००,००० नॅनोसेकंद आहे, त्याच्या आत तो वेळ कामाप्रमाणे कमीजास्त करतो. एल१ असं पोलिंग करतो तेव्हा एल० ला ते खरं कामच दिसतं, आणि एल१ दमून झोपला की एल० स्वतःचं पोलिंग सुरू करतो. लिनक्स ५.४ (२०१९) पासून गेस्टसाठी हॉल्टपोल ड्रायव्हर आहे, त्यात गेस्ट स्वतः पोल करतो आणि होस्टला सांगतो की तू करू नकोस, पण हा निरोप एकच मजला खाली जातो. एल२ ने सांगितलं तर एल१ थांबतो, एल० ला पत्ताच नसतो. म्हणून नेस्टेडमध्ये एल१ वरचं पोलिंग बंद करून बघणं हा पहिला उपाय असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

लिनक्स ४.१७ (२०१८) पासून गेस्टच्या एचएलटी आणि एमवेटच्या (झोपायच्या दुसऱ्या एका इन्स्ट्रक्शनच्या) एक्झिट बंद करता येतात, क्यूईएमयूमध्ये (केव्हीएमसोबत व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ओव्हरकमिटच्या पर्यायात सीपीयू-पीएम चालू केलं की झालं. पण एल२ चा एचएलटी थेट हार्डवेअरवर जायला एल० आणि एल१ दोघांनी हे केलेलं लागतं, आणि तो फिजिकल कोर मग दुसऱ्या कोणाला वाटून देण्यात अर्थ राहत नाही. हे न करता एमवेट आलाच तर केव्हीएम तो नोपसारखा (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शनसारखा) सोडून देतो, झोप लागतच नाही.

एएमडीच्या व्हीएमसीबीमध्ये (तिथला व्हीएमसीएससारखा तक्ता) अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटसारखा रकाना नाही, तिथे एचएलटी पकडणाऱ्या इंटरसेप्टवरच भागवतात. आर्मवर हेच काम डब्ल्यूएफआय इन्स्ट्रक्शन करते आणि ती पकडायला हायपरवायजरच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये टीडब्ल्यूआय बिट आहे. आयबीएम झेडवर (आयबीएमच्या आजच्या मेनफ्रेमवर) केव्हीएमचं नेस्टिंग लिनक्स ४.८ (२०१६) मध्ये आलं, वेट बिट तिथे अजूनही स्टेटस वर्डमध्येच आहे.