प्लाक अ‍ॅसे (फेजची मोजणी)

बॅक्टेरियांना लागण करणारे व्हायरस म्हणजे बॅक्टेरियोफेज, लॅबमध्ये सगळे नुसतं फेज म्हणतात. टी४ सारखा मोठा फेजसुद्धा जेमतेम २०० नॅनोमीटर लांब, साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, मग मोजायचा कसा? तर त्याने बॅक्टेरियाच्या थरात केलेली भोकं मोजायची. फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून फेजबद्दल लिहिलं, त्यांनीच ही युक्ती वापरात आणली आणि शंभर वर्षांनंतरही फेजवाल्यांचं रोजचं काम तिच्यावरच चालतं.

आधी सॅम्पल १०-१० पट पातळ करत न्यायचं, प्रत्येक नळीला पिपेटची नवीन टिप, नाहीतर मागचे फेज पुढे जातात आणि आकडा फुगतो. मग त्यातला थोडा भाग ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या ताज्या कल्चरमध्ये (वाढवलेल्या द्रवात) घालून काही मिनिटं फेज चिकटू द्यायचे, त्यात ४५ ते ५० डिग्रीचं पातळ अगार (गार झालं की जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) मिसळायचं आणि लगेच घट्ट अगारच्या प्लेटवर ओतायचं. इथे हात भरभर चालला पाहिजे, अगार गार झालं तर गुठळ्या होतात आणि जास्त गरम असेल तर बॅक्टेरियाच मरतात. रात्रभर ३७ डिग्रीला ठेवलं की प्लेटवर बॅक्टेरियाची साय धरते आणि तिच्यात गोल स्वच्छ भोकं दिसतात, तेच प्लाक. वरचं अगार जेलीसारखं गोठलेलं असल्यामुळे एका फेजची पिल्लावळ फक्त शेजारच्या पेशींपर्यंतच पोचते, म्हणून एक प्लाक म्हणजे सुरुवातीचा एक फेज असं धरतात. लॅम्डासारखे फेज काही पेशी न मारता आतच दडून बसतात, त्यांचे प्लाक मधोमध धुरकट असतात.

मोजायला साधारण ३० ते ३०० प्लाकवाली प्लेट घ्यायची. समजा १० लाख पट पातळ केलेल्या सॅम्पलचे ०.१ मिली टाकले आणि ८४ प्लाक आले, तर मूळ सॅम्पलमध्ये दर मिलीला ८४ कोटी पीएफयू, म्हणजे प्लाक करू शकणारे फेज.

हा आकडा एकूण फेज कणांचा नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजले तर बहुतेक वेळा कण जास्त भरतात, कारण काही निकामी असतात, काहींना चिकटायला जमत नाही. शिवाय तेच सॅम्पल बॅक्टेरियाच्या दुसऱ्या स्ट्रेनवर (वाणावर) टाकलं तर हजारपट कमी प्लाक येऊ शकतात, त्यामुळे कुठल्या स्ट्रेनवर मोजलं ते न लिहिता दिलेला पीएफयू अर्धवटच.