पन्हाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरी किल्ला व तालुक्याचे ठिकाण. कोल्हापूरच्या वायव्येस सु. २० किमी.वर असून माथा भोवतालच्या सपाटीपासून सु. ४०० मी. उंच आहे. तटबंदीचा घेर सु. ७ किमी.

किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय बहुधा शिलाहार राजा दुसरा भोज (बारावे शतक उत्तरार्ध) याला दिले जाते. त्याने पंधरा किल्ले बांधल्याची परंपरा आहे. ताम्रपटावरून इ.स. ११९१-९२ च्या सुमारास त्याचे वास्तव्य येथे होते, असे दिसते. मात्र वास्तव्य म्हणजे बांधणी नव्हे. त्याआधीही गडावर वस्ती असावी, हे मत अधिक संभाव्य वाटते. यादव सिंघणाने तेराव्या शतकाच्या प्रारंभी भोजाचा पराभव केल्यावर गड यादवांकडे व पुढे बहमनींकडे गेला. बहमनी वजीर महमूद गावानच्या सैन्याची १४६९ च्या पावसाळ्यात येथे छावणी होती.

आज दिसणारे बहुतेक बांधकाम मात्र आदिलशाही आहे. तीन दरवाजावर फार्सी लेख आहे; तेथील गणेशशिल्प बहुधा मराठाकालीन. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्यकोठारे आहेत. गंगा कोठी त्यांत सर्वांत मोठी. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर जाऊन तेथील भोकांतून धान्य खाली ओतीत. अंधारबाव ही विहीर तिमजली असून तळात पाणी आणि वर पहाऱ्याची जागा आहे. वेढ्यात शत्रूने पाण्यात विष कालवू नये, ही खबरदारी त्यामागे असावी.

शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६५९ मध्ये गड घेतला. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद व बाजीप्रभूंचे बलिदान सर्वश्रुत आहे. या वेढ्यानंतर आदिलशाहीकडे गेलेला गड १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदने पुन्हा जिंकला. पुढे ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत, राजधानी कोल्हापुरास हलेतो, कोल्हापूर राज्याचा कारभार येथून चाले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या (गडांवरील वंशपरंपरागत शिबंदीच्या) उठावानंतर इंग्रजांनी तट फोडला. चार दरवाजाही त्यांनीच पाडला.

कवी मोरोपंतांचा जन्म येथलाच (१७२९). जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या गटात पन्हाळ्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गडावर नगरपरिषद आहे, घरे व हॉटेले आहेत. त्यामुळे नामांकनाच्या वेळी निर्बंध वाढतील, अशी धास्ती रहिवाशांत होती. जतनाचा प्रश्न येथे ओसाड गडांपेक्षा अवघड आहे तो या नांदत्या वस्तीमुळेच.