घरामागे कोंबड्या पाळायच्या आहेत? परवानगी, नोंदणी आणि कागदपत्रांची माहिती

पिल्ले आधी आणायची आणि परवानगीचे नंतर बघायचे, असाच क्रम बहुतेक घरांत असतो. तो उलटा करा. आधी अर्ज, मग खुराडे आणि सगळ्यात शेवटी पिल्ले. आज आणलेले पिल्लू १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. तोवर अर्जात त्रुटी निघत राहिल्या आणि शेवटी नकार आला, तर वाढवलेल्या, माणसाळलेल्या कोंबड्या द्यायच्या कुणाला? त्या वेळी घरातल्या मुलांना समजावणे फार जड जाते.

परवानगी आणि नोंदणी एक नव्हेत

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. परवानगी स्थानिक प्रशासनाची असते. तिचा संबंध जागेशी आहे: तुमचा भाग निवासी आहे का, खुराडे शेजाऱ्याच्या घरापासून किती लांब आहे, किती पक्षी चालतील, कोंबडा चालेल का. नोंदणी पशुआरोग्य विभागाकडे होते आणि तिचा संबंध रोगाशी आहे. एक मिळाली म्हणून दुसरी झाली असे होत नाही. दोन्ही लागतात का, की एकच, हे आधी दोन्ही ठिकाणी विचारून घ्या. कुठे परवानगी लागत नाही पण नोंदणी सक्तीची असते, तर कुठे नेमके उलटे असते.

नियम किती वेगळे असू शकतात याची दोन-तीन उदाहरणे देते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पूर्वी ५० किंवा त्याहून जास्त पक्षी असणाऱ्यांनाच नोंदणी बंधनकारक होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून परसात एकच कोंबडी असली तरी ती करावी लागते, आणि पक्षी घरी आल्यापासून महिनाभरात. न्यूयॉर्क शहरात कोंबड्या पाळता येतात, कोंबडा मात्र नाही. सिअ‍ॅटलमध्येही कोंबडा चालत नाही. म्हणून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाने सांगितलेल्या नियमावर विसंबू नका. तुमच्या हद्दीतला नियम तुम्ही स्वतः वाचा.

एका कोंबडीची नोंद सरकारला कशाला हवी, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर बर्ड फ्लूमध्ये आहे. एखाद्या ठिकाणी लागण सापडली की त्या जागेभोवती वर्तुळे आखतात. ब्रिटन आणि युरोपात ती साधारण ३ आणि १० किलोमीटरची असतात. त्या वर्तुळात पक्षी कुणाकडे आहेत हे माहीत असेल तरच 'पक्षी आत कोंडा, हलवू नका' हा निरोप वेळेवर पोहोचतो. नोंद नसलेल्या घराला ती बातमी शेजारचे पक्षी मेल्यावर कळते. नोंदणी तुमच्याच कोंबड्यांच्या भल्यासाठी आहे, हे मी अगदी मनापासून सांगते.

पात्रता

मालक असाल तर प्रश्न कमी. भाडेकरू असाल तर घरमालकाची लेखी संमती घ्या, अधिकारी जागेच्या पाहणीला येतात त्या दिवशी तोंडी होकार उपयोगी पडत नाही. सोसायटीत राहत असाल तर तिची उपविधी आधी वाचा. प्रशासनाने परवानगी दिली तरी सोसायटीची मनाई तशीच राहते.

संख्येची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. अर्जात आज आणणार तेवढीच संख्या लिहू नका, पुढच्या वर्षीचाही विचार करा. कोंबडी पहिली दोन वर्षे भरपूर अंडी देते, मग ती कमी होत जातात. तेव्हा नवीन तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणाव्याशा वाटतात आणि जुन्या काढवत नाहीत. सहाच्या परवान्यावर नऊ पक्षी असे होते ते याच वाटेने.

कोंबड्याबद्दल स्पष्ट लिहा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त फळलेल्या अंड्यांसाठी, म्हणजे पिल्ले काढायची असतील तर लागतो. पण एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी ओळखणे अवघड असते. सहा 'माद्या' म्हणून आणलेल्यांतली एखादी दोन-तीन महिन्यांनी आरवू लागते आणि परवाना धोक्यात येतो. म्हणून कोंबड्याला मनाई असलेल्या भागात पिल्लांऐवजी वाढवलेल्या तलंगा घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. बदके किंवा हंसही ठेवणार असाल तर त्यांची संख्या वेगळी द्या. बदकात बर्ड फ्लूची लक्षणे बऱ्याचदा दिसतच नाहीत, म्हणून अधिकारी त्याबद्दल मुद्दाम विचारतात.

घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कुणी असेल तर तुमची पात्रता जात नाही. पण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. खुराड्याजवळ हात धुण्याची सोय असेल तर ती अर्जात दाखवा.

अर्जाचा जीव नकाशात आहे

माझा पहिला अर्ज परत आला तो नकाशामुळे. मी सुबक चौकोन काढून त्यात 'खुराडे' असे लिहिले होते. अंतर एकही नाही, दिशा नाही, शेजाऱ्याची खिडकी तर नाहीच. दुसऱ्या वेळी पाहणीला आलेल्या बाईंनी टेपचे टोक माझ्या हातात देऊन ते शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली धरायला सांगितले, आणि स्वतः टेप सोडत खुराड्याच्या जाळीपर्यंत गेल्या. मी घरी मोजले होते ते माझ्या कुंपणापासून. फरक बराच निघाला, आणि खुराडे कोपऱ्यातून सरकवून मधे आणावे लागले.

तेव्हा नकाशा असा काढा. कागदावर आधी तुमच्या जागेची हद्द, मग तुमचे घर आणि लगतची घरे त्यांच्या दारे-खिडक्यांसह. विहीर, पाण्याची टाकी किंवा नाला असेल तर तो. नंतर खुराडे आणि जाळीचे आवार. प्रत्येक अंतर टेपने मोजून बाणावर लिहा. नियमात अंतर कुठून कुठवर मोजायचे हे शब्दशः वाचा: भिंतीपासून की हद्दीपासून, खुराड्यापासून की आवाराच्या जाळीपासून. उत्तर दिशा दाखवा. पावसाचे पाणी कुणीकडे वाहते त्याचा एक बाण काढा. तो कुणी मागत नाही, पण विष्ठेचे पाणी शेजारी जाणार नाही हे त्यावरून एका नजरेत कळते.

खुराड्याचा तपशील

अर्जात खुराड्याची मापे विचारतात, आणि 'पुरेसे मोठे' हे उत्तर चालत नाही. एका कोंबडीला आत साधारण ४ चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात ८ ते १० चौरस फूट जागा धरावी. म्हणजे सहा कोंबड्यांना ४ बाय ६ फुटांचे खुराडे आणि ५० ते ६० चौरस फुटांचे आवार. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला ८ ते १० इंच लागतात, म्हणजे सहाजणींना पाच फुटांची दांडी पुरते. अंडी घालायचे खण चार-पाच कोंबड्यांमागे एक धरतात, पण सहाला दोन ठेवा. एक खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या हट्टाने, खण अडवून बसली की बाकीच्यांना दुसरा हवा.

हवा कशी खेळेल, हा प्रश्न बरेचजण दोन शब्दांत उरकतात. थंडी लागेल म्हणून खुराडे सगळीकडून बंद करतात आणि तिथेच फसतात. कोंबडीला पिसांची ऊब असते, तिला त्रास होतो तो ओलीचा आणि विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचा. झरोके दांडीच्या वर, छताजवळ हवेत. ओला वारा थेट अंगावर येऊ नये, पण वरची हवा सतत बदलत राहावी. खुराडे तयार झाल्यावर एकदा पहाटे वाकून, नाक कोंबडीच्या उंचीवर आणून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर झरोके कमी आहेत.

जाळीचा प्रकार लिहा. षटकोनी घरांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगूस किंवा कोल्हा बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, तिची कड एक फूट जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून दाबा. दाराला दुहेरी कडी हवी.

विष्ठेची विल्हेवाट हा रकाना रिकामा सोडू नका. सहा कोंबड्यांची ताजी विष्ठा रोज सहज अर्धा किलोच्या पुढे जाते. तूस किंवा भुसा किती जाडीचा टाकणार, ओला भाग कधी काढणार, खत कुठे कुजवणार हे तीन ओळींत लिहा. ताजे खत थेट झाडांना घालू नये, मुळे करपतात. खाद्य झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणार असल्याचेही लिहा, कारण शेजाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा उंदरांची असते.

कागदपत्रे

ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जागेची मालकी किंवा भाडेकरार, घरमालकाची संमती, नकाशा, खुराड्याचे मापांसह रेखाचित्र आणि जागेचे फोटो. काही ठिकाणी लगतच्या शेजाऱ्यांचे ना हरकत पत्रही लागते. लागत नसेल तरी त्यांच्याशी आधी बोलून घ्या. तक्रार झाली की त्यांनाच विचारले जाते. पक्षी कुठून घेणार तेही विचारतात. हॅचरीची, म्हणजे पिल्ले उबवून विकणाऱ्या केंद्राची, पावती आणि लसीकरणाची नोंद जपून ठेवा. मरेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लू उबवणीतून बाहेर येताच द्यायची असते, ती घरी नंतर देऊन फारसा उपयोग नाही. त्यामुळे त्या पावतीवर ती दिल्याची नोंद आहे का ते पाहूनच पैसे द्या.

हेतूच्या रकान्यात लांबण नको. 'राहत्या घराच्या मागील अंगणात सहा तलंगा, कोंबडा न ठेवता, फक्त घरच्या अंड्यांसाठी पाळू इच्छिते. विक्री करणार नाही' एवढे पुरे. अंडी विकायची असतील तर ते इथे लपवू नका, त्याचे नियम वेगळे असतात.

अर्ज दिला की पोच घ्या, ऑनलाइन असेल तर अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. त्रुटी निघाली तर तेवढीच पुरी करून त्याच क्रमांकावर द्या, नवा अर्ज केला की पुन्हा रांगेच्या शेवटी जाल. पाहणीच्या वेळी घरी राहा आणि नकाशाची प्रत हातात ठेवा.

मंजुरीनंतर

परवान्यावर मुदत असेल तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. संख्या, जागा किंवा पक्ष्यांचा प्रकार बदलला तर कळवा. एक वही करा: किती पक्षी आले, कधी, कुठून, कोणती लस, कोणता मेला आणि का. रोज एकदा सगळ्या मोजा, खाद्य टाकताना ते आपोआप होते.

एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, अंडी झपकन घटली, तुरा निळा पडला, डोके सुजले किंवा मान वाकडी झाली तर वाट पाहू नका. बर्ड फ्लू आणि रानीखेत हे दोन्ही कळवायचेच रोग आहेत. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यामांजराला मिळेल असा टाकू नका, उरलेले पक्षी आत कोंडा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन करा. तो क्रमांक खुराड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

घर बदलले किंवा पाळणे थांबवले तर नोंदणी रद्द करायला विसरू नका. नाहीतर पुढच्या साथीत तुमच्या जुन्या पत्त्यावर माणूस येईल, आणि तिथे आता कोंबड्या नाहीत हे कळण्यात त्याचा वेळ जाईल.