एक कप म्हणजे 250 ग्रॅम? मुळीच नाही

जळगावच्या केळ्यांचा केक करताना हमखास ऐकू येतं: एक कप म्हणजे 250 ग्रॅम, जिन्नस कोणताही असो. हे साफ चुकीचं आहे. कप जागा मोजतो, वजन नाही. 240 मिलीच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावतं, साखर साधारण 200, पण चमच्याने अलगद भरलेला मैदा जेमतेम 120. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर मैदा 150 ग्रॅमपर्यंत जातो! म्हणजे पाककृतीत 250 ग्रॅम मैदा सांगितला असेल, तर अलगद भरलेले साधारण दोन कप लागतात. एकच घातला की केक मधोमध बसतो आणि खापर फुटतं केळ्यांवर. कुस्करलेली केळी कपभर 225 ग्रॅमच्या आसपास भरतात. दिवाळीच्या नानकटाईला मात्र वजनकाटाच काढा. मैदा कमी पडला तर ती ट्रेमध्ये पसरते.