तोंडीचे २० गुण आणि दहावीचा निकाल

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. पुढच्याच वर्षी तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये एकदम ९५.३० वर गेला. मुलांचा अभ्यास दोन वर्षांत इतका खाली-वर होत नाही. बदलली होती ती गुणांची वाटणी.

२०१८ पर्यंत भाषा विषयांना लेखी ८० आणि तोंडी २० गुण होते. तोंडीचे गुण शाळाच द्यायची. पास व्हायला १०० पैकी ३५ हवेत. शाळेने तोंडीला १८ दिले की लेखीत ८० पैकी १७ मिळवूनही मूल सुटायचे, म्हणजे लेखी पेपरचे जेमतेम २१ टक्के. शाळा सढळ हाताने गुण वाटतात ही ओरड जुनी होती आणि तीत तथ्यही होते. म्हणून २०१८-१९ ला दहावीचा नवा अभ्यासक्रम आला तेव्हा भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेने द्यायचे, गुण काढून टाकले. गणिताचे आणि विज्ञान प्रात्यक्षिकाचे राहिले.

हेतू रास्त होता, पण दोन धक्के एकाच वर्षी बसले. नवी पुस्तके आणि मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, त्याच वर्षीची. धड्याखालची प्रश्नोत्तरे घोकून भागत होते, तिथे आता आकलन, स्वमत, उपयोजित लेखन आले. काठावरच्या मुलाला पूर्वी लेखीत १७ पुरायचे. आता शंभर गुणांच्या अनोळखी पेपरात ३५ हवे होते. याचा फटका सगळीकडे सारखा बसला नाही. कोकण विभाग ९६ वरून ८८.३८ वर आला, तर नागपूर ८५.९७ वरून ६७.२७ वर. वरच्या अंगालाही झळ लागलीच: ९० टक्के आणि त्यापुढचे विद्यार्थी २८,५१६ उरले, आदल्या वर्षी ते ६३ हजारांवर होते.

अकरावी प्रवेशाने हा प्रश्न पेटवला. गुणवत्ता यादी एकच, आणि तीत सीबीएसईची मुले शाळेच्या अंतर्गत गुणांसह उतरणार. मंडळा-मंडळांतली ही तफावत नवी नव्हती. आयसीएसईच्या मुलांशी बरोबरी व्हावी म्हणूनच राज्याने २०१० मध्ये सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरायला सुरुवात केली होती. तो निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयात तो टिकला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तोंडीचे गुण परत दिले. पण २०२० ची सगळी उसळी त्यांच्या खात्यावर मांडणे चूक ठरेल. कृतिपत्रिकेचे ते दुसरे वर्ष होते, शिक्षकांचा आणि मुलांचाही हात बसला होता. शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही; इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. ९० टक्क्यांपुढची संख्या त्या वर्षी ८३,२६२ झाली.

म्हणून दोन वर्षांचे निकाल शेजारी ठेवताना आधी त्या-त्या वर्षी लेखी किती गुणांचे होते आणि शाळेच्या हातात किती होते, ते पाहावे. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २०, असे शंभरच्या शंभर गुण शाळेकडे होते. निकाल लागला ९९.९५ टक्के.